जालना ते रेणापूर, एका बिडाच्या ब्रॅकेटपायी

अंबड भागात डिसेंबरात मोसंबीच्या बागा ताणावर सोडलेल्या असतात. पाणी तोडायचं, पानं जराशी मलूल होऊ द्यायची, वरवर मशागत करायची आणि मग पाणी देऊन आंबिया बहार फोडायचा, असा तो हिशोब. नेमकं याच दिवसांत मामांच्या छोट्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक बांधातल्या दगडावर आदळलं आणि पुढचा एक्सल धरून ठेवणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्रॅकेट तडकला. ट्रॅक्टर साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा, जपानी धाटणीचा, आणि माझ्या लग्नाहून जुना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष तिचा नाही, दगडाचा आहे.

शहरातले मित्र लगेच विचारतात, एवढं काय, मोठा ट्रॅक्टर भाड्यानं आणा. त्यांनी मोसंबीची जुनी बाग आतून पाहिलेली नसते. अठरा बाय अठरा फुटांवर लावलेली झाडं वाढली की त्यांच्या फांद्या एकमेकींना लागतात, खालच्या तर जमिनीला टेकतात. पन्नास एचपीचं धूड त्यात घुसलं की फांद्या मोडतात, आणि वर उभ्या सायलेन्सरची धग पानांना लागते. म्हणून बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आडवा, खालून काढलेला बरा. दुसरी गोष्ट मुळांची. मोसंबीची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. जड यंत्रानं रोटा, म्हणजे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर, खोल धरला की ती तुटतात, आणि तुटल्या जागेतून डिंक्या रोगाला शिरायला वाट मिळते. मामा रोटा तीन-चार बोटांच्या खाली जाऊ देत नाहीत. भाड्याच्या ड्रायव्हरला हे सांगून उपयोग नसतो, त्याला तासाचे पैसे मिळतात.

नव्या ब्रॅकेटची चौकशी केली. एका शोरूमवाल्यानं फोटो बघून सांगितलं की नव्या मॉडेलची भोकं या जुन्याला जुळणार नाहीत. मग मामांनी पिकअप काढली, तडकलेला ब्रॅकेट पोत्यात बांधून मागं टाकला, आणि मला म्हणाले, "चल, जालन्याला. भंगारात एखादा मिळंल."

जालना मोसंबीचं, बियाण्यांचं आणि लोखंडाचं गाव. बांधकामाच्या सळया बनवणारे कारखाने इथं दाटीनं आहेत, आणि त्यांच्या इंडक्शन भट्ट्या भंगारावर चालतात. मराठवाड्यात कुठंही मेलेलं यंत्र आज ना उद्या या भट्टीच्या तोंडाशी येतं. आम्ही गेलो तिथं गॅस कटर चालू होता. एका कोपऱ्यात मळणी यंत्रांचे सांगाडे, दुसरीकडे ट्रॅक्टरांची मडगार्डं, आणि चहाच्या टपरीएवढा ढीग नुसत्या नांगरांच्या फाळांचा. छोटा ट्रॅक्टर एकही नाही.

भंगारवाल्यानं हातातला हिशोब बाजूला ठेवला नाही, पण उत्तर नीट दिलं. "छोटे आता कुठं मामा? दुष्काळात आले तेवढे आले."

दुष्काळ म्हणजे २०१२-१३चा. त्या वर्षी जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकरचं विकत पाणी घालून काही झाडं धरली, बाकीच्यांवर कुऱ्हाड चालवली. बाग गेली की बागेपुरता घेतलेला छोटा ट्रॅक्टर दाराशी नुसता उभा राहतो. काळ्या रानात खोल नांगरट त्याला ओढत नाही, उसाची ट्रॉली तर नाहीच. दोन उन्हाळे उभा राहिला की टायर चिरतात, डिझेलच्या टाकीत गंज धरतो, मग तो किलोच्या भावानं जातो. झाडं सरपणाला आणि ट्रॅक्टर भट्टीला, एकाच दुष्काळात दोन्ही गेलं. त्यातले पाच-पन्नास नुसते झाकून ठेवले असते तर आज आम्हाला हा प्रवास पडला नसता. माझं तर आता पक्कं मत झालंय की जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं आयुष्य त्याच्या इंजिनावर नाही, पंचक्रोशीत त्याच जातीचा दुसरा मेलेला ट्रॅक्टर उभा आहे की नाही यावर ठरतं.

मोठ्या खपाच्या ट्रॅक्टरांना ही अडचण कमी. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादला बनला. एचएमटीनं चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा २५११ पिंजोरला १९७१पासून काढला, आणि तो ट्रॅक्टरचा कारखाना बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ साली घेतला. तरी या जुन्यांचे पिस्टन-लायनर, क्लच प्लेटा, सील अजून दुकानात लटकलेले दिसतात. ज्याचे हजारो गिऱ्हाईक आहेत त्याचे लोकल पार्ट लुधियाना-राजकोटकडून येतच राहतात. बागेतल्या छोट्यांचे गिऱ्हाईक मोजके, म्हणून त्यांचे झिजणारे पार्ट मिळतात, पण न झिजणारे, म्हणजे ब्रॅकेट, हाउसिंग, कव्हर असे, कुणी बनवत नाही. आणि मोडतं नेमकं तेच.

जालन्याच्या एका स्पेअर पार्टवाल्यानं अंबाजोगाईच्या एका मिस्त्रीचं नाव घेतलं, "बिडाचं वेल्डिंग करावं तर त्यांनीच." पिकअप तशीच वळवली. अंबड, वडीगोद्री, मग धुळे-सोलापूर हायवे, शहागडला गोदावरी. या दिवसांत हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांचं राज्य असतं. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीनं माखलेला, आणि टेपवर गाणी एवढ्या जोरात की हॉर्न ऐकू जायची सोय नाही. शहागडच्या पुढं रस्त्याकडेला हुरड्याचा आर, म्हणजे कणसं भाजायचा निखाऱ्यांचा खड्डा, लागलेला दिसला. मामांनी विचारायच्या आत ब्रेक मारला. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर दही. यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी खाल्लाय त्यांना ठाऊक आहे.

गेवराईच्या अलीकडे एका वस्तीवर डुगडुग ऐकू आली आणि मामांचे कान टवकारले. एक सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा जुना आयशर, पीटीओला, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या मागच्या दांड्याला, पुली लावून कडबा कुट्टीला जुंपलेला. आम्ही उतरून पाहायला जातो तोवर तो बंद पडला. मालकांचं वय सत्तरीचं असेल. ते रागावले नाहीत, चिडले नाहीत, चौदाचा पाना घेऊन खाली बसले. आदल्या दिवशी टाकी कोरडी पडली होती, लाइनीत हवा धरली होती. फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट त्यांनी दोन आटे सैल केला आणि फीड पंपाचा हातपंप अंगठ्यानं दाबायला लागले. आधी नुसती फुसफुस, मग साबणासारखा पांढरा फेस, मग बुडबुडे मोठे आणि विरळ झाले, आणि शेवटी काचेसारखी डिझेलची सलग धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळला. "धार थांबल्यावर आवळला की हवा परत शिरती," एवढंच बोलले. बॅटरी कधीच काढून टाकलेली. ट्रॅक्टर उतारालाच उभा होता. नातवानं गियरमध्ये ढकलून क्लच सोडला आणि डुगडुग पुन्हा सुरू.

मी रेडिएटर नसल्याचं कौतुक केलं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी घालून रेडिएटरात खडे धरतात, इंजिन तापतं, हेड गास्केट जातं. याला ती भानगडच नाही. आजोबांनी सिलिंडरच्या पंखांमध्ये बोट घालून दाखवलं: कडब्याचा भुसा. तो रोज झटकला नाही तर हेही तापतं. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल ते कुट्टीच्या दिवसांत आठवड्याला बदलतात. धूर काळा यायला लागला की लोक आधी पंप खोलायला नेतात, खरं तर निम्म्या वेळा वाटीत तेलाचा चिखल झालेला असतो. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. निळा दिसला की मात्र खिसा चाचपायचा.

बीड चुकवून पुढं निघालो, मांजरसुंब्याचा घाट, केज, आणि दिवस कलताना अंबाजोगाई. बालाघाटचे हे डोंगर सीताफळाचे, बीडच्या सीताफळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे. डिसेंबरात मात्र हंगाम सरलेला असतो.

मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, पत्र्याच्या शेडखाली बसलेले. पोत्यातून ब्रॅकेट काढून त्यांनी आधी दोरीला टांगला आणि छोट्या हातोडीनं टिचकी मारली. भद्द. धडधाकट बीड ठण् वाजतं. मग रॉकेलच्या फडक्यानं पुसून खडूची भुकटी चोळली. तडीत मुरलेलं तेल खडूवर उमटलं आणि आम्हाला दोन इंच वाटलेली तड चांगली चार इंच निघाली. दोन्ही टोकांना त्यांनी बारीक भोकं पाडली, तड पुढं पळू नये म्हणून. ग्राइंडरनं तिच्या अंगावर इंग्रजी व्हीसारखी खाच काढली. कोळशाच्या भट्टीत अख्खा ब्रॅकेट मंद लाल होईस्तोवर तापवला, कारण थंड बिडाला एकाच जागी आग लावली की शेजारी नवी तड जाते. निकेलची कांडी. एका वेळी इंचभरच टाका, लगेच हातोडीनं हलके ठोके, मग दुसऱ्या टोकाला इंचभर. सलग ओढायचं नाही. शेवटी सगळं राखेच्या ढिगात पुरून टाकलं.

मामांना रात्रीच परत निघायचं होतं. चाचांनी मान हलवली. "जल्दी नको पाटील. इसको आराम से ठंडा होने दो."

मग लॉजवर मुक्काम, सकाळी योगेश्वरीचं दर्शन, आणि शेडवर परत. ब्रॅकेट राखेतून काढला तेव्हा कोमट होता. टिचकी मारली, ठण्. चाचांनी सांध्यावर रंग लावायला नकार दिला. रंग लावलेला जुना ट्रॅक्टर त्यांना चोरीचाच वाटतो: "तड दिसायला पाहिजे, तर रोज बघता येती." मला हे एकदम पटलं. विक्रीआधी फवारा मारून चकचकीत केलेले ट्रॅक्टर मी पाहिलेत. गळक्या सीलवरसुद्धा रंग असतो. जुना घेताना रंग बघू नये. मागची औजारं उचलणारी लिफ्ट वर करून इंजिन बंद करावं आणि ती किती वेळ वर राहते ते बघावं. लगेच खाली बसली तर आतली ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह गेलाय. आणि इंजिन गार असताना चालू करून दाखव म्हणावं.

पैसे घेताना चाचा सहज म्हणाले की याच जातीचा एक ट्रॅक्टर रेणापूरकडे एका द्राक्षवाल्यानं बाग काढल्यापासून उभा आहे. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पिकअप लातूर रोडला लावली. ट्रॅक्टर बाभळीखाली होता, चारही टायर बसलेले, सीटवर कोंबडी अंड्यावर. इंजिन जाम, पण पुढचा ब्रॅकेट अखंड, गियर बॉक्समधलं तेल स्वच्छ, डिझेल पंपाचं सील शाबूत. मालक भंगाराच्या भावाला तयार होते. मामांनी त्यावर पाच हजार जास्त दिले, परत घासाघीस नको म्हणून. कोंबडी मालकांनी उचलून नेली.

घरी मामींनी भाड्याच्या टेम्पोतून उतरणारं ते धूड पाहिलं. "एक चालंना म्हणून दुसरा न चालणारा आणला का?" तुळशीजवळ नको, दारात नको, असं करत तो गोठ्यामागं पोचला. वेल्डिंगचा ब्रॅकेटच बसवलाय, रेणापूरचा अखंड ब्रॅकेट तेल लावून गोणपाटात ठेवलाय. एक्सलच्या मधल्या पिनेचं बुश नवं, आणि ग्रीस आता रोज सकाळी. ताण वेळेवर मोडला. गेल्या आठवड्यात घनसावंगीकडचा एकजण कुठून तरी ऐकून डिझेल पंप मागायला आला. मामांनी पंप दिला नाही. तीनपैकी एक नोझल दिलं, आणि बदल्यात त्याच्या वस्तीवरच्या पडक्या ट्रॅक्टरची स्टिअरिंगची पेटी ठरवून घेतली.