पायपुसणं उचला, मग पॅड पसरा

कुत्र्याच्या पिल्लाला घरात शी-शूची जागा शिकवायच्या पॅडच्या पाकिटावर हसरं पिल्लू असतं आणि त्याखाली तीन चित्रांत सगळं शिक्षण उरकलेलं असतं. पसरा, बसवा, शाबासकी द्या. मला त्या तीन चित्रांना सात आठवडे लागले, आणि त्यातले चार बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्याने खाल्ले.

देशी पिल्लू, वय दोन महिने, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि बाहेर जुलैचा पाऊस. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक अशा सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे तोवर पिल्लाला खाली रस्त्यावर सोडायचं नाही. म्हणजे सगळं घरातच. रद्दी पसरणारे अजूनही आहेत. पण कागद ओल धरत नाही, पिल्लू त्यातूनच चालत जातं आणि पावलं घरभर उमटतात. शिवाय घरात कोणी रविवारची पुरवणी जमिनीवर पसरून वाचत असेल तर पुढे त्याचीच पंचाईत.

शी चार दिवसांत जमली. जेवण झालं की दहा ते तीस मिनिटांत लागतेच, जमीन हुंगत गोल गोल फिरणं सुरू झालं की उचलून पॅडवर ठेवायचं, एवढंच. जेवणाच्या वेळा पाळल्या तर शीची वेळ आपोआप बसते. दिवसभर वाटी भरलेली ठेवणाऱ्यांनी ही अपेक्षा धरू नये.

शूने मात्र रडवलं. दहापैकी सहा वेळा पॅडवर आणि चार वेळा पायपुसण्यावर. प्रत्येक जण सांगत होता, ‘हट्टी आहे, नाक घासा’. नाक घासून पिल्लू एवढंच शिकतं की या माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि तुम्ही पॅडपाशी उभे राहिलात तर तिथेही धरून ठेवतं. हट्टाचा इथे काही संबंधच नव्हता, उलट पिल्लू शिकवलेलंच करत होतं. पॅड हातात घेऊन बघा. वर मऊ न विणलेलं कापड, मध्ये लगदा आणि ओल शोषून जेल होणारी पावडर, तळाला प्लास्टिक. पिल्लाच्या पावलाला यातलं फक्त वरचं कळतं: मऊ, जरा दबणारं, फरशीपेक्षा उबदार. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली काय लागलं की मोकळं व्हायचं, याची आवड पक्की होत जाते. ‘खिडकीखालचा पांढरा चौकोन’ हे त्याच्या डोक्यात नसतं, ‘मऊ चौकोन’ असतं. आणि मराठी घरात मऊ चौकोन किती? मी मोजले: मुख्य दार, मोरी, बाथरूम, बाल्कनी, स्वयंपाकघराचा ओटा. पाच. देवघरापुढचं आसन आणि घडी घातलेली गोधडी वेगळीच.

पहिली चूक, पायपुसणं धुऊन परत तिथेच टाकणं. साबणाने आपल्या नाकाचं समाधान होतं, कुत्र्याच्या नाही. त्यात खाली रबर लावलेलं असेल तर वास तिथेच मुरतो. दुसरी चूक, पायपुसण्याच्या जागी पॅड टाकणं. दोन दिवस छान वाटलं, तिसऱ्या दिवशी पिल्लू दुसऱ्या दारातल्या पायपुसण्यावर. शेवटी पाचही उचलून माळ्यावर टाकली. ओल्या पायांनी घरात फिरावं लागतं, घरचे बोलतात, बोलू द्यावं. एक-एक करून उचलू नका, सगळी एकाच दिवशी.

तरी बाथरूमच्या दारातली जागा सुटेना. पायपुसणं नाही, नुसती फरशी, आणि पिल्लू नेमकं तिथेच बसतंय. इथे आठवडा गेला, आणि कारण रोज सकाळी बादलीतून येत होतं: फिनाइल. फरशीच्या तुकड्यांमधले सांधे सच्छिद्र असतात, शू त्यात उतरते. वरून कितीही पुसलं तरी आत वास राहतो आणि पिल्लासाठी ती पाटी असते, ‘इथे’. तो मोडायला एन्झाइम क्लीनर लागतो. मी तो आणला होताच, पण फिनाइलने पुसलेल्या फरशीवर मारत होतो. जंतुनाशकं एन्झाइमचं काम बिघडवतात, म्हणजे पैसे पाण्यात. अमोनिया असलेलं द्रव्य तर पिल्लाला शूसारखंच वाटतं. ब्लीच शूवर कधीच ओतू नका, त्यातून घशाला लागणारा विषारी वायू निघतो.

जमलेली पद्धत अशी. आधी टिपकागदाने शू टिपून घ्यायची, पुसायची नाही. पुसल्याने ती सांध्यांत पसरते. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून फिनाइलचा अंश काढायचा. मग क्लीनर नुसता फवारायचा नाही, सांधे भिजतील इतका ओतायचा आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा. पंखा बंद, कारण सुकला की काम थांबतं. नंतर टिपून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. जागा नक्की कुठे आहे ते कळत नसेल तर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च रात्री दिवे घालवून मारा, जुनी शू पिवळट चमकते. माझ्याकडे दाराच्या चौकटीवरही वितभर उंचीपर्यंत शिंतोडे निघाले, तिथे कोणी पुसतच नव्हतं. कामाला येणाऱ्या मावशींना सांगून दोन महिने फिनाइल बंद ठेवलं. व्हिनेगर चालतं म्हणतात, पण संगमरवर किंवा कोटा असेल तर नको, डाग पडतो.

या भानगडीत लक्षात आलेली आणखी एक गोष्ट: पॅडवरच्या ‘चुका’ बऱ्याचदा चुका नसतात. पुढचे दोन पाय पॅडवर आणि मागचे फरशीवर. पिल्लाच्या हिशेबाने ते पॅडवर आहे! साठ सेंटिमीटरचं एकच पॅड गोल फिरून बसणाऱ्या पिल्लाला पुरत नाही. चार पॅड जोडून एकशेवीस बाय एकशेवीसचा चौकोन करा, सलग आठवडाभर सगळं आत पडलं की एक कमी करा. घाईने दोन काढली तर पुन्हा चारवर यावं लागतं, मला लागलं.

आणि पंखा. सीलिंग फॅनखाली पॅडचा कोपरा फडफडतो, फडफडणारी गोष्ट पिल्लू पकडतं आणि पाच मिनिटांत घरभर कापूस. आतलं जेल पोटात गेलं तर आतडं तुंबू शकतं, बरंच खाल्लं असेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा. चारही कोपरे मास्किंग टेपने चिकटवा किंवा कड दाबून धरणारा ट्रे घ्या. जाळीचा ट्रे घेतलात तर आणखी फायदा, पायाला जाळी लागते आणि पायपुसण्याशी गल्लत होत नाही. मी आधीच घ्यायला हवा होता.

वेळा आधी सांगायला हव्या होत्या, आता सांगतो. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर, खेळ थांबला की आणि झोपायच्या आधी. जागं असेल तर दर पाऊण तासाने. वयाच्या महिन्यांत एक मिळवलं की जास्तीत जास्त किती तास धरू शकेल त्याचा अंदाज येतो, पण दोन महिन्यांच्या पिल्लाबाबत तीन तास म्हणजे झोपेतले. रात्री दोन आणि पाचचा गजर लावा. पाणी तोडू नका. शब्द एकच ठेवा. आमच्याकडे एक जण ‘शू कर’ म्हणे आणि दुसरा ‘सुसू’, पिल्लू दोघांकडे बघत बसे. बक्षीस पॅडवरच, शू संपल्यावर दोन सेकंदांत: उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. आणायला स्वयंपाकघरात गेलात तर बक्षीस स्वयंपाकघरात येण्याचं ठरतं. डबी पॅडशेजारी, उंचावर. वाटी आणि अंथरूण पॅडपासून पाच-सहा फूट लांब.

कोणी घरी आल्यावर किंवा ओरडल्यावर चार थेंब गळतात, ते वेगळं, त्याला शिकवून उपयोग नाही. दर दहा मिनिटांनी थोडी थोडी करत असेल किंवा जमलेलं अचानक बिघडलं तर लघवी तपासून घ्या.

वापरलेलं पॅड ओली बाजू आत घडी करून कागदात गुंडाळा. आमच्या पुण्यात त्यावर लाल ठिपका काढून सॅनिटरी कचऱ्यात देतात. शी आधी संडासात टाकून फ्लश करा. रोज सगळी पॅड बदलू नका, एखादं किंचित वापरलेलं राहू द्या, वास हीच खूण असते. पॅड बाल्कनीकडे सरकवायचं असेल तर दिवसाला अर्धा फूट, आणि पावसाळ्यात सरकवूच नका, पावसाच्या शिंतोड्यांनी भिजलेल्या पॅडवर पिल्लू पाय ठेवत नाही.

पायपुसणी शिकवायला लागल्यापासून नवव्या आठवड्यात परत आणली. आधी मुख्य दाराशी काथ्याचं, टोचणारं. दोन आठवडे काही झालं नाही तेव्हा मोरीपाशी रबराचं जाळीदार. सुती अजून माळ्यावरच आहेत.