सिमसारखी लाईट बदलते का?

"काकू, मुंबईला तुम्ही म्हणे लाईटची कंपनीच बदलली होती. आपल्याकडे कधी येईल तसं?" अमळनेरला राहायला आल्यापासून गल्लीत बिलं वाटली गेली की कोणीतरी हे विचारतंच. उभ्याउभ्या मी "बघू" म्हणून सुटते. आज तुम्ही विचारलंत म्हणून जरा बसून सांगते.

हो, बदलली होती. 2010 साली, घाटकोपरला. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांना मुंबईत घरगुती ग्राहकांनाही वीज विकायची मोकळीक दिली. पुढच्या वर्षी विजेचे दर आणि नियम ठरवणाऱ्या राज्याच्या वीज आयोगाने सोय करून दिली की उपनगरातल्या ग्राहकाने जुन्याच तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घ्यावी. सोसायटीत दुसरा विषय नव्हता. ह्यांनी टाटांकडे अर्ज भरला. काही दिवसांनी दोन माणसं आली आणि मी ठेवलेला चहा उकळेपर्यंत जिन्याखालचा मीटर बदलून मोकळी झाली. मला उगाच वाटलं होतं, काहीतरी वेगळं दिसेल. ट्यूब नेहमीसारखी दोनदा फडफडून लागली.

सुरुवातीची बिलं खरंच कमी आली, महिन्याला दीडदोनशेनं. मग 2011 मध्ये आयोगाने बदलून गेलेल्यांवरही जुन्या कंपनीचे काही आकार बसवले आणि फरक आटत गेला. एका रात्री आमचा एक फेज गेला, तेव्हा कळलं की तक्रार जुन्याच कंपनीकडे करायची, कारण तारा त्यांच्या. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दूधवाला बदलला, म्हैस तीच."

आपल्याकडे घरगुती ग्राहकाला महावितरणशिवाय दुसरा दूधवालाच नाही. जळगावात काही वर्षं खासगी फ्रँचायझी होती, पण तो ठेका होता. ग्राहकाला कोणी विचारलं नव्हतं, की बाबा तुला कोण हवंय. 2022 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत एकाच भागात जास्त कंपन्यांना वीज विकू देणारं वीज कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं, ते समितीकडे गेलं. 2023 च्या जानेवारीत वीज कर्मचाऱ्यांचा संप झाला, आठवतं? आपण सगळ्यांनी पहाटे उठून टाक्या भरून ठेवल्या होत्या. नवी मुंबईच्या भागात दुसऱ्या कंपनीने परवाना मागितला होता, त्यावरून तो संप होता.

आता तुमचंच बिल मांडीवर घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि खाली 16 टक्के वीज शुल्क. वहन आकार ज्याच्या तारा त्याला जाणार, शुल्क सरकारला जाणार. उद्या दहा कंपन्या आल्या तरी त्यांची ओढाताण मुख्यतः वीज आकाराच्या ओळीत. आणि तिथे पहिल्या 100 युनिटांचा दर कमी का, तर त्यातला काही भार जास्त वापरणारे आणि कारखाने उचलतात म्हणून. आमच्या सोसायटीतून सगळ्यात आधी पळाले ते घरात तीन-तीन एसी असलेले. एक मेगावॉटच्या वरच्या कारखान्यांना तर 2003 च्या कायद्याने बाहेरून वीज घ्यायची वाट मोकळीच आहे. उद्या जळगावच्या डाळ मिलवाल्यांनी ती धरली, तर आपल्या पहिल्या 100 युनिटांचं काय होईल, हे मला विचारू नका.

चोपड्याला माझ्या भाच्याची केळी आहे. त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसला. "मावशी, साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाचं बिल 2024 पासून माफच आहे. स्वस्त कोण देतो ते नको सांगू. दिवसा लाईट कोण देतो ते सांग." बॅटरी घेऊन रात्री दोनला बागेत जाणाऱ्या माणसाला दर काय सांगायचे?

आपल्या गल्लीचं दुखणंही दराचं नाहीच. दीपनगरचं वीजनिर्मिती केंद्र हे एवढं भुसावळजवळ, तरी लाईट का जाते, असं लोक विचारतात. अहो, दीपनगरची वीज मोठ्या लाइनवर चढून जाते. आपली लाईट जाते ती कोपऱ्यावरच्या डीपीमुळे, म्हणजे गल्लीला वीज वाटणाऱ्या पेटीमुळे. तिचं दार वर्षभर उघडं आहे. आत फ्यूजच्या जागी वायरमनने पीळ देऊन घातलेली जाडी तार आहे, आणि वारं सुटलं की निंबाची फांदी वरच्या तारांना घासते. कंपनी कोणतीही आणा, ती फांदी आधी तोडावी लागेल.

मग बिल कमी करायला काय केलं, तर गेल्या वर्षी गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं. केंद्राचं 78,000 रुपये अनुदान मिळालं. चांगलं ऊन असलं की दिवसाला बाराएक युनिट होतात आणि नेट मीटरवर मोजून बिलातल्या युनिटांतून वळते होतात. कंपनी न बदलता बिल बदललं.

फक्त एक गोष्ट मला बसवताना कोणी नीट सांगितली नव्हती. रस्त्यावरची लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तसं केलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण परवा दुपारी दीड वाजता गच्चीवर बिबड्या वाळत होत्या, शेजारी पॅनल नुसते तापले होते, आणि मी खाली बंद पंख्याखाली पदराने वारा घेत बसले होते. समोरच्या ओट्यावरून हाक आली, "काकू, लाईट उनी का?"