तुम्ही विचारलंत म्हणून: किळस नाही येत का?

"मेलेल्या माणसाचे केस हातात घ्यायचे म्हणजे... किळस नाही येत तुला?" दादरच्या मावशीने विचारलं, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारलं, परवा व्हिडिओ कॉलवर भाचीनेही विचारलं. दरवेळी मी काहीतरी थातूरमातूर सांगून विषय बदलते. मी गेलेल्या माणसांच्या केसांचे आठवणीचे दागिने विणून देते, त्यावरून हा प्रश्न. आता एकदा नीटच लिहिते.

नाही येत. केसांत कुजण्यासारखं काही नसतं, म्हणून तर दीडशे वर्षांपूर्वीचा केसांचा गोफ आजही तुकतुकीत दिसतो. इथे यॉर्कशरमध्ये माझ्या घरापासून तासाभरावर हॉवर्थचं संग्रहालय आहे. तिथलं एमिली आणि ॲन ब्राँटे या इंग्रज लेखिका बहिणींच्या केसांचं, जांभळ्या खड्यांचं ब्रेसलेट मी चार वेळा जाऊन पाहिलंय. दोघी बहिणी पाच-सहा महिन्यांच्या अंतराने गेल्या, 1848 च्या डिसेंबरात आणि 1849 च्या मे महिन्यात. ते ब्रेसलेट बघून माझ्या पोटात कालवतं, पण ते किळसेनं नाही.

आणि आपल्याकडे तरी केसांचा एवढा विटाळ कुठे आहे? आईच्या लग्नाच्या फोटोतली कमरेखाली रुळणारी वेणी अर्धी गंगावनाची आहे. ते केस कोणाचे, असं कोणी विचारलं होतं का?

हे मी तावातावाने म्हणते खरी, पण मावशीच्या प्रश्नामागे काय आहे ते मला ठाऊक आहे. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, विशीत विधवा झाली आणि सोवळी केली गेली. 1890 साली मुंबईत न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. ते वारं पणजीच्या गावापर्यंत पोचलं नाही. लाल आलवणातल्या त्या आजीच्या मांडीवर मावशी वाढली. आणि 1861 मध्ये विधवा झालेली राणी व्हिक्टोरिया नवऱ्याच्या केसांची बट दागिन्यात घालून उरलेला सगळा जन्म अंगावर वागवत होती. कापलेले केस म्हटल्यावर मावशीला जे आठवतं, ते राणीला आठवत नव्हतं. मी मावशीला चुकीचं म्हणू शकत नाही.

हे काम मी शिकले स्वीडनमधल्या वोमहूसच्या एका बाईंकडे. दालार्ना प्रांतातल्या त्या गावच्या बायका एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-रशियापर्यंत हिंडून केसांचे दागिने विणून द्यायच्या आणि त्या पैशावर घर चालवायच्या. गोल टेबल, मधोमध भोक. केस सोड्याच्या पाण्यातून काढून, लांबीप्रमाणे लावून, वीस-पंचवीस केसांची एकेक बट करायची. प्रत्येक बटेच्या टोकाला शिशाचं वजन बांधून ते टेबलाच्या कडेवरून खाली सोडायचं आणि मधल्या तारेभोवती बटा ओलांडत गोफ विणायचा. मग तो तारेसकट उकळायचा. सुकला की आकार धरतो, तार अलगद ओढून घ्यायची. हातात राहते ती पोकळ, जाळीदार दोरी, वजन जवळजवळ नाहीच. पण गोफ मूळ केसांपेक्षा बराच आखूड होतो. पुढचं सगळं त्यावरून झालं.

चार वर्षांपूर्वी पंचाहत्तरीच्या एक बाई बिस्किटांच्या डब्यातून बहिणीची वेणी घेऊन आल्या. बहीण एकोणिसाव्या वर्षी गेलेली. वेणी जेमतेम वीतभर. त्यांना ब्रेसलेट हवं होतं. ब्रेसलेट होणार नाही, ब्रोच करू, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांनी डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि मी हो म्हटलं.

तीन गोफ लागणार होते. दोनच झाले. सरावासाठी आणलेलं केसांचं एक पाकीट कपाटात होतं, 'भारतीय केस' असं लिहिलेलं. रंग जुळत होता. रात्री अकराच्या सुमाराला मी त्यातल्या बटा टेबलावर चढवल्या. दोन-तीन तास विणत होते आणि हात एकदाही अडखळला नाही, हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय. विकतच्या केसांवर सिलिकॉनचा थर असतो, उकळल्यावर तो उतरतो. सकाळी भिंगाखाली तिसरा गोफ किंचित निस्तेज दिसला. मी तो आतल्या बाजूला घेतला.

बाईंनी ब्रेसलेट गालाला लावलं. म्हणाल्या, "तिचाच स्पर्श आहे." मी पैसे घेतले.

एकोणिसाव्या शतकातल्या गिऱ्हाइकांना नेमकी हीच धास्ती असायची, की सराफ आपल्या माणसाचे केस बदलून भलत्याचेच विणून देईल. कित्येक बायका त्यासाठी घरीच हे काम शिकल्या. 1867 मध्ये मार्क कॅम्पबेल यांनी अमेरिकेत घरच्या घरी शिकायचं पुस्तकही काढलं. माझ्या वर्गात मी हे रंगवून सांगायचे आणि त्या सराफांना चोर म्हणायचे.

आठ महिन्यांनी जाऊन मी बाईंना खरं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "मग ते कोणाचे?" मी म्हटलं, माहीत नाही. आमच्याकडे देवळात केस अर्पण करतात, ते लिलावात विकले जातात, कदाचित त्यातलेच असतील. "म्हणजे त्या बाईलाही ठाऊक नाही, ते इथे आहेत." एवढंच म्हणाल्या. मी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. ब्रेसलेटही परत दिलं नाही. त्यानंतर त्यांच्या मनगटावर ते मला कधी दिसलं नाही.

न सांगता राहिले असते तर त्यांचं काय बिघडलं असतं? माझी एक मैत्रीण म्हणते, तू स्वतःचं ओझं उतरवायला गेलीस. असेलही. कधी वाटतं, सांगितलं तेच बरोबर. कधी वाटतं, त्यांची बहीण मी दुसऱ्यांदा काढून घेतली.

तेव्हा मावशी, किळस नाही येत. भीती वाटते. आता कोणी केस आणले की डबा हातात घेण्याआधी मी टेप काढते. मागच्या महिन्यात एका गृहस्थांना नाही म्हटलं. ते दारात उभे राहून म्हणाले, "थोडे दुसरे मिसळले तरी चालतील."

त्यांना काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.