ऑल्बनीतला हार्पून

पर्थहून ऑल्बनीला जाताना सव्वाचारशे किलोमीटरच्या वाटेवर फारसं काही लागत नाही, म्हणून थेट ऑल्बनीजवळच्या फ्रेंचमन बेवर येतो. ऑस्ट्रेलियातलं व्हेलच्या शिकारीचं शेवटचं केंद्र इथे होतं. १९५२ साली सुरू झालं, नोव्हेंबर १९७८ मध्ये बंद पडलं. आता तिथे संग्रहालय आहे.

मारलेला व्हेल ज्या उतारावरून विंचने वर ओढत, तो उतार तसाच आहे. वर चरबी सोलायचा प्रशस्त ओटा, पलीकडे तेलाच्या अजस्र टाक्या. त्या टाक्यांच्या आत आता माहितीपट दाखवतात. "मामा, केंद्र चालू होतं तेव्हाही लोक हे बघायला यायचे," भाची म्हणाली. पोटात कालवलं. मुलांना कडेवर घेऊन लोक इथे उभे राहत असतील!

'चेन्स ४' ही शिकारी बोट जमिनीवर आणून ठेवली आहे. बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, चढलो आणि हार्पून म्हणजे व्हेल मारायचा भाला फेकणाऱ्या तोफेमागे उभा राहिलो. हार्पूनच्या टोकाला स्फोटक असे. ते आत शिरलं की व्हेलच्या शरीरात फुटायचं. व्हेल शोधायला विमान, गाठायला वेगवान बोटी. श्वास घ्यायला वर यावंच लागणाऱ्या जिवाला सुटका कुठली?

१९७७ साली काही कार्यकर्ते रबरी बोटी घेऊन शिकारी बोटी आणि व्हेल यांच्या मधे घुसले. गावात अनेकांचं पोट या धंद्यावर होतं, त्यामुळे त्यांचं स्वागत कोणी केलं नाही. पण देशभर चर्चा पेटली, सरकारने चौकशी नेमली, आणि १९८० मध्ये व्हेल संरक्षणाचा कायदा आला. स्पर्म व्हेलच्या तेलाची मागणी घटली होती, हेही खरंच. तरी माझ्या मते लोक बोलले नसते तर एवढ्यावर कायदा झाला नसता. व्यापारी शिकारीवर जागतिक बंदीचा ठराव १९८२ चा. हंपबॅक जातीचे व्हेल इतके सावरले, की २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना संकटग्रस्त यादीतून काढलं.

दुसऱ्या दिवशी ऑल्बनीलगतच्या किंग जॉर्ज साउंड या आखातात बोटीतून गेलो. बऱ्याच वेळाने फवारा दिसला, मग काळी पाठ, मग शेपूट. पांढरे डाग असलेली ती शेपूट पूर्ण उभी राहिली आणि सगळी बोट ओरडली. मीही.

जपानने २०१९ मध्ये आपल्या समुद्रात व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली, म्हणून आज पुन्हा लोक याबद्दल बोलू लागलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडेही व्हेलविषयी ही ओढ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, तेव्हा माणसं त्याच्यावर पाणी मारत राहिली, त्याला समुद्रात नेण्यासाठी धडपडली. ते वाचलं नाही. त्या माणसांच्या हाताशी योग्य सामान आणि प्रशिक्षण असायला हवं. कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात अशी तुकडी हवी, आणि ती मागायचं काम आपलं आहे.

ऑल्बनीला जाणार असाल तर जून ते सप्टेंबरमध्ये जा. वारा बोचरा असतो, जाड जॅकेट घ्या. आणि आधी संग्रहालय बघा, बोट नंतर.