एका लोकसमूहाची चार नावे : रोहिरिमांवरील लेख पूर्ण करतानाचा माझा अनुभव

माझ्या लेखाचे हस्तलिखित संपादन विभागाकडून परत आले, तेव्हा त्यातील ‘मार्क’ हा शब्द जवळपास प्रत्येक ठिकाणी खोडून त्यावर ‘रोहन’ असे लिहिलेले होते आणि ‘एओर्लिंगास’च्या जागी सगळीकडे ‘रोहिरिम’ आले होते. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच कारण दिले होते की एका देशाला आणि एका समाजाला लेखात एकच नाव असावे, अन्यथा वाचकाचा गोंधळ होतो. इंग्रज कादंबरीकार टॉल्किन यांच्या कल्पित जगातील या अश्वारूढ लोकांचा इतिहास आणि संस्कृती यांवरचा तो लेख पूर्ण व्हायला मला आठ महिने लागले. त्यांतले चार महिने या एका चिठ्ठीपायी गेले, आणि आजही तिची आठवण झाली की माझा संताप पुरता शमलेला नाही हे जाणवते.

वाचन, टिपणे आणि कालपट यांत मला फारशी अडचण आली नाही. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टांत या लोकांची हकीकत राजांच्या क्रमाने दिलेली आहे, आणि कथेआधी ती वाचून काढली की सनावळीचा सांगाडा एका बैठकीत उभा राहतो. त्या जगाच्या कालगणनेतील तिसऱ्या युगाच्या २५१० या वर्षी गोंडोर या दक्षिणेतील जुन्या राज्यावर शत्रू चालून आला असता एओर्ल हा तरुण सरदार उत्तरेकडून आपले घोडेस्वार घेऊन केलेब्रांटच्या रणांगणावर धावून गेला. त्या मदतीची परतफेड म्हणून गोंडोरचा कारभारी किरिऑन याने कालेनार्धोन हा विरळ वस्तीचा प्रांत त्याला देऊन टाकला, आणि एओर्लने गोंडोरच्या हाकेला धावून जाण्याची शपथ घेतली. पुढे २५६९ मध्ये एओर्लचा मुलगा ब्रेगो याने मेदुसेल्द हे सुवर्णछताचे सभागृह पूर्ण केले, आणि २७५८-५९ च्या दीर्घ हिवाळ्यात हेल्म राजा वेढ्यात सापडून गोठून मेला. हे सारे मी पंधरा दिवसांत लिहून संपवले होते.

खरा गुंता नावांचा होता, आणि तो संपादन विभागाच्या चिठ्ठीच्या आधीपासूनच होता. ‘रोहन’ आणि ‘रोहिरिम’ ही नावे गोंडोरच्या भाषेतली आहेत. त्यांचा अर्थ घोड्यांचा देश आणि अश्वस्वामींचा समूह असा होतो. हे लोक आपल्या देशाला ‘मार्क’ म्हणतात, आणि ज्या जुन्या इंग्रजीतून हा शब्द घेतला आहे तीत त्याचा अर्थ सीमा, सीमेवरचा प्रदेश असा आहे. स्वतःला ते ‘एओर्लिंगास’, म्हणजे एओर्लचे लोक, म्हणवून घेतात, आणि दक्षिणेत येण्यापूर्वी, आंदुइन नदीच्या उगमाजवळ राहत असताना, त्यांचे नाव ‘एओथेओद’, म्हणजे अश्वजन, असे होते. चौथे नाव त्यांच्या शत्रूंनी ठेवलेले आहे. शेजारच्या डनलेंड या प्रदेशाचे लोक त्यांना ‘फोर्गोइल’, पेंढ्याच्या डोक्याचे, म्हणत, कारण यांचे केस पिवळे होते. ही चार नावे म्हणजे या समाजाचा इतिहास चार बाजूंनी पाहणे आहे. त्यांतली तीन पुसून टाकली, तर ज्याने जमीन दिली त्याचीच दृष्टी तेवढी शिल्लक राहते.

संपादन विभागाला मी पहिल्या पत्रात हेच कळवले होते. सात आठवडे उत्तर आले नाही. मग एक छापील अर्ज आला, ज्यात ‘शब्दबदलास हरकत असल्यास कारण’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे जेमतेम पाच-सहा शब्द मावतील एवढीच जागा होती. मी तिथे ‘कृपया सोबतचे पत्र पाहावे’ असे लिहून मूळ पत्र पुन्हा जोडले. तीन आठवड्यांनी तो अर्ज ‘कारण अपूर्ण’ असा शेरा मारून परत आला. पत्र कोणी उघडलेच नसावे, असे मला त्या वेळी वाटले आणि अजूनही वाटते. मी दूरध्वनीवर विचारणा केली, तेव्हा एका सहायकाने मला शांतपणे सांगितले की कथेतील थेओडेन राजाचा भाचा एओमेर स्वतःसुद्धा परक्यांशी बोलताना ‘रोहन’ म्हणतो, मग लेखकाचा आग्रह कशासाठी? हा मुद्दा खोटा नव्हता, आणि तो खोटा नव्हता म्हणूनच मला अधिक लागला. परक्यासमोर परक्याला कळेल ते नाव वापरावे लागते, हीच या लोकांची परिस्थिती आहे. रणांगणावर आपल्या स्वारांना साद घालताना थेओडेन मात्र त्यांना एओर्लिंगास याच नावाने हाक मारतो, आणि तिथे ‘रोहिरिम’ घातले, तर त्या हाकेत जीवच उरत नाही.

इथे मी स्वतः केलेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. मूळ ग्रंथातील सामाईक भाषा, म्हणजे त्या जगातील निरनिराळे लोक एकमेकांशी बोलताना वापरतात ती, लेखकाने आधुनिक इंग्रजीने दाखवली आहे, आणि मार्कची भाषा तिच्याशी दूरचे नाते असलेली पण अधिक जुनाट असल्यामुळे तिच्यासाठी जुनी इंग्रजी वापरली आहे. हे कळल्यावर मराठी लेखात ही नावे यादवकालीन मराठीत आणावीत, असे मला वाटले, आणि मी त्यात पाच आठवडे घालवले. हिशेब कागदावर बिनचूक होता, पण एओमेर आणि एओविन या भावाबहिणीच्या नावांतला ‘एओ’, म्हणजे घोडा, हा समान धागा माझ्या प्रत्येक पर्यायात तुटत होता. अखेरीस अनुवादकांसाठी टॉल्किन यांनी स्वतः लिहिलेले, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेले नावांचे मार्गदर्शन माझ्या हाती आले. त्यांनी दिलेल्या यादीत जे नाव नाही, ते कोणत्याही भाषेत जसेच्या तसे ठेवावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ते मार्गदर्शन पहिल्या दिवशी वाचावे.

त्याच ओघात परिशिष्टातील एक तळटीपही नीट वाचावी. जुनी इंग्रजी वापरली म्हणून हे लोक सर्व बाबतींत प्राचीन इंग्रजांसारखे होते असे समजू नये, असा इशारा तिथे दिलेला आहे. साम्य आहे ते परिस्थितीचे. एक साधा, तरुण समाज एका जुन्या, प्रतिष्ठित संस्कृतीच्या शेजारी, तिच्याच पूर्वीच्या भूमीवर नांदतो आहे. थेओडेनचा बाप थेंगेल गोंडोरमध्ये राहून परतला आणि राजा झाल्यावर त्याच्या घरात गोंडोरची भाषा बोलली जाऊ लागली, ती सर्वांना रुचली नाही, एवढीच नोंद परिशिष्टात आहे. माझ्या दुसऱ्या पत्राची सुरुवात मी या नोंदीने केली. भाषेवरून राजाच्या घरात नाराजी निर्माण झालेल्या समाजाला परक्या भाषेतील एकच नाव देऊ नये, असे मी त्यात लिहिले, आणि त्यासोबत बदललेल्या प्रत्येक जागेचा तक्ता जोडला : वाक्य कोणते, बोलणारा कोण, ऐकणारा कोण. एकूण त्रेचाळीस जागा होत्या. हा तक्ता मी पहिल्याच दिवशी पाठवला असता, तर कदाचित चार महिने वाचले असते, कारण तत्त्वाच्या पत्राला ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांनी तक्त्याला नऊ दिवसांत उत्तर दिले.

आणखी एक सूचना लिहायची राहून गेली. वंशावळ काढताना राजांची एक सलग यादी करू नये. एदोरास या त्यांच्या राजधानीच्या पायथ्याशी राजांच्या समाधींचे उंचवटे दोन रांगांत आहेत, एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला सात. पहिली रांग हेल्मशी संपते. त्याचे दोन्ही मुलगे मेले, म्हणून बहिणीचा मुलगा फ्रेआलाफ गादीवर आला आणि नवी रांग सुरू झाली. थेओडेनचा उंचवटा तिच्यात आठवा ठरला. त्या उंचवट्यांवर सिम्बेलमिने ही पांढरी फुले उगवतात आणि त्या नावाचा अर्थ सदास्मरण असा आहे. हे लोक ग्रंथ लिहीत नसत, गाणी रचत असत, त्यामुळे रांग बदलली, हीच त्यांच्या इतिहासाची सर्वांत ठळक नोंद ठरते.

तडजोड अशी झाली की गोंडोरच्या माणसांच्या तोंडी आणि माझ्या निवेदनात ‘रोहन’ राहील, मार्कची माणसे आपसांत बोलतील तिथे ‘मार्क’ आणि ‘एओर्लिंगास’ येतील, आणि पहिल्या पानावर नावांची अर्ध्या पानाची टीप असेल. डनलेंडच्या परिच्छेदासाठी मला शेवटपर्यंत झगडावे लागले. ब्रेगोनंतरचा राजा आल्दोर याच्या पंच्याहत्तर वर्षांच्या राज्यात इसेन नदीच्या पूर्वेला उरलेल्या डनलेंडवासींना हाकलले किंवा अंकित केले गेले. ज्याच्या बापाला हेल्मने मारले होते तो वुल्फ हेल्मविरुद्ध उभा राहिला, तेव्हा डनलेंडचे लोक त्याच्या बाजूने उतरले, आणि त्या लढाईची मुळे त्या जुन्या हाकलण्यात आहेत असे माझे मत आहे. तिथे विजेत्यांना त्यांच्या शत्रूंनी दिलेले नाव वाचकासमोर आलेच पाहिजे, असा माझा आग्रह होता. शेवटच्या मुद्रितात ‘फोर्गोइल’ हा शब्द त्याच्या अर्थासह जागेवर दिसला, तेव्हा मी ते पान दोनदा वाचले आणि मगच सही केली. नकाशावर मात्र मी स्वतःहून ‘रोहन’ हे नाव राहू दिले, कारण मूळ नकाशावर तेच नाव आहे.