फिर्स्टची गोंडोला आणि दुपारचं वादळ

छापील कार्यक्रम असा होता: सकाळी स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनमध्ये खरेदी, मग जेवण आणि दुपारी ग्रिंडेलवाल्ड गावातून गोंडोलाने, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या बंद केबिनच्या लिफ्टने, वर फिर्स्टच्या डोंगरावर. आदल्या रात्री मेटिओस्विस या स्विस हवामानखात्याच्या ॲपवर दुपारी दोनपासून गडगडाट दिसला. टूर मॅनेजर म्हणून मी तिथेच कार्यक्रम उलटा केला. चौतीस जणांना नाश्ता लवकर उरकायला सांगितलं की कुरबुर होतेच. पण जुलै-ऑगस्टात आल्प्समधली लिफ्ट सकाळीच गाठावी. ऊन चढतं तशी दरीतली दमट हवा तापून डोंगरउताराने वर सरकते आणि दुपारनंतर तिचेच ढग बरसतात, आपल्याकडच्या वैशाखातल्या वळवासारखे. सकाळचं निळं आकाश पाहून दुपारचा अंदाज बांधू नये.

१९९१ पासून इथे सहा आसनी गोंडोला आहे. ग्रिंडेलवाल्डची उंची १,०३४ मीटर आणि फिर्स्टची जवळपास २,१७०. मध्ये बोर्ट आणि श्रेकफेल्ड अशी दोन स्थानकं लागतात, एकूण प्रवास पंचवीस मिनिटांचा. वाटेतल्या दोन्ही स्थानकांवर दारं आपोआप उघडतात आणि नवखी माणसं हमखास उतरतात. म्हणून वर निघण्याआधी एकच गोष्ट तीनदा सांगायची: दार उघडलं तरी उठायचं नाही.

स्थानकात केबिन थांबत नाही, रांगत राहते. बाहेर तिची पकड पोलादी दोराला घट्ट चावलेली असते. स्थानकात शिरताना ती सुटते आणि टायरांची रांग केबिनला हळूहळू पुढे ढकलते. गुडघे दुखणाऱ्यांना एवढा वेगही जास्त वाटतो. अशा वेळी आपण घाई करायची नाही. केबिन दारापाशी येण्याआधीच कर्मचाऱ्याकडे पाहून हात खाली-वर करत 'लांगझाम, बिटं', म्हणजे 'हळू, प्लीज', म्हणायचं. तो वेग कमी करतो, गरज पडली तर पूर्ण थांबवतो. घडीची व्हीलचेअर असेल तर माणूस आधी, खुर्ची मागून.

सहाच्या केबिनमध्ये मी पाचच बसवले; सॅका आणि छत्र्यांनाही जागा लागते. मला धरून पस्तीस, म्हणजे सात केबिन. प्रत्येक केबिनमध्ये चालू फोनवाला एक धडधाकट माणूस, आणि नुसत्या ज्येष्ठांची केबिन एकही नाही. केबिनवर नंबर असतो. तो त्या माणसाने ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांना ही शिस्त जाचक वाटते, पण दुपारी तीच कामाला आली.

वर पोचल्यावर कड्यालगत बांधलेल्या वाटेवरचा क्लिफ वॉक सगळ्यांनी केला. बाखआल्पझे तळ्याला मात्र चालणारेच गेले, बाराच्या आत परतायच्या बोलीवर. जायला पन्नासेक मिनिटं, तेवढीच यायला. चढ शंभर मीटरच्या आसपास. पण वाट उघडी आहे. विजा चमकत असताना त्या वाटेवर कुणी असू नये.

साडेबाराला आयगर शिखराच्या मागचे पांढरे ढग फुगत फुगत वर चढले आणि तळाशी काळवंडले. उपाहारगृहात सूप मागवून बसलेल्यांना मी उठवलं. "अहो, अजून ऊन आहे की," एक काका म्हणाले. ऊन होतंच. पण लिफ्ट बंद व्हायची घोषणा झाली की डोंगरावरचे सगळे एकदम रांगेत येतात आणि तेव्हा चौतीस जण एकत्र ठेवणं जमत नाही. 'लेट्झटे टालफार्ट', म्हणजे शेवटची खाली जाणारी फेरी, संध्याकाळची लिहिलेली असते. वादळाच्या दिवशी त्या वेळेवर विसंबू नये.

आमच्या पाच केबिन नीट खाली गेल्या. सहावी आणि माझी सातवी श्रेकफेल्ड सोडून बोर्टकडे निघाल्या, वारा आडवा आला आणि लिफ्ट थांबली.

थांबल्यावरचं पहिलं मिनिट सगळ्यात वाईट. मैलभर ताणलेला दोर एकदम थांबला की दोन खांबांच्या मधली केबिन खाली-वर हिंदकळते आणि पोटात गोळा येतो. समोरच्या काकूंनी माझा हात घट्ट धरला. "दोर सुटला का हो?"

"नाही काकू. दोर ताणामुळे हलतोय, थोड्या वेळात शांत होईल."

तसंच झालं. खांबांवर दोर चाकांच्या खोबणीतून जातो. तो जागचा सरकला तर सर्किट तुटून लिफ्ट आपोआप थांबते. वाऱ्याचे मापकही लावलेले असतात. आडव्या वाऱ्यात भरधाव केबिन झुलत खांबापाशी यायला नको, म्हणून वेग कमी करतात किंवा थांबवतात. थांबलेली लिफ्ट बघून लोक चिडतात. मला विचाराल तर थांबवणारा माणूस चोख काम करत असतो. वीज गेली तरी डिझेल इंजिनवर दोर संथ फिरवून केबिन स्थानकात आणता येतात. दोरीने माणसं उतरवणं अगदी शेवटचा उपाय.

आपलं काम एवढंच: दोन्ही बाकांवर सारखं वजन ठेवून बसायचं, उभं राहायचं नाही, दाराला हात लावायचा नाही, हवेची झडप उघडी ठेवायची. गारा टपावर आपटू लागल्या तेव्हा बोलणं ऐकू येईना, म्हणून सहाव्या केबिनला मेसेजच केला. 'सगळे बसून आहोत,' असं उत्तर आलं.

मग दोर चालला, पण रांगत. बोर्टला कर्मचाऱ्यांनी सगळ्यांना उतरवून आत घेतलं. खाली पोचलेल्या पंचवीस जणांना मी ग्रिंडेलवाल्डच्या स्थानकातच थांबायला सांगितलं. बोर्टहून खाली रस्ता आहे, चालत जाऊ, असं दोघांनी सुचवलं. विजा चालू असताना तो विषयच नव्हता. गडगडाट सरल्यावर आधी रिकाम्या केबिन फिरवून मार्ग तपासला गेला, मग माणसं घेतली.

बस रात्री नऊला हॉटेलवर पोचली. चालकाला सहसा सलग अकरा तास विश्रांती द्यावी लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी निघायची वेळ साडेसातवरून आठ केली आणि तसा मेसेज टाकला.