चोक, बटण आणि बाबा

आज सकाळी नौपाड्याहून घोडबंदर रोडला जायचं होतं. नवी ऑटोमॅटिक गाडी बाबांनी पहिल्यांदाच हातात घेतली. बटण दाबलं, डॅशबोर्ड उजळला, इंजिन मात्र गप्प. "बाबा, ब्रेकवर पाय ठेवून दाबा." ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं की फक्त दिवे आणि रेडिओ चालू होतात.

बाबा शिकले प्रीमियर पद्मिनीवर. थंडीत आधी चोक ओढायचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये हवा कमी जाते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. मग किल्ली. इंजिनाचा आवाज एकसारखा झाला की चोक हळूहळू आत. कान लावून गाडी सुरू करणारी ही माणसं मला फार आवडतात. काकांच्या डिझेल गाडीला तर वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत, म्हणजे इंजिनाला आतून ऊब देणारा ग्लो प्लग तापेपर्यंत थांबावं लागायचं.

संध्याकाळी कॉम्प्युटरपाशीही बाबांचा तोच शिस्तीचा क्रम: भिंतीवरचं बटण, यूपीएस, मॉनिटर, शेवटी सीपीयू. काम झालं की रीतसर शटडाउन. माझी लेक लॅपटॉपचं झाकण मिटते आणि उठते.

मी त्यांना सांगितलं, २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ते चालू असेल तर शटडाउन करतानाही सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. अगदी नव्याने सुरुवात हवी असेल तर रीस्टार्टच करायचं.

बाबांनी चष्मा लावला आणि गाडीच्या सर्व्हिसिंगच्या वहीत हेही लिहून ठेवलं.